पाइप नसलेलं बेसिन

माझी आत्या रसायनशास्त्र शिकवते आणि आमच्या अख्ख्या घराण्यात तिच्याइतकी चिक्कू बाई झाली नाही. परीक्षानळीत द्रावण थेंबानंच पडलं पाहिजे, हा तिचा पहिला धडा.

पूर्वी प्रयोगशाळेच्या बेसिनचं पाणी मागच्या अंगणात जायचं आणि तिथलं गवत जळायचं. शेवटी संस्थेनं प्रयोगशाळाच बंद करायचं मनावर घेतलं. म्हणे, प्रयोग पडद्यावर दाखवू. आत्यानं वर्षाची मुदत मागितली आणि प्लंबर बोलावून बेसिनचा पाइपच काढून टाकला. खाली बादली. "ओताल ते तुमच्याच पायाशी येईल गं," ती मुलींना सांगायची. वर्षअखेर तपासनीस म्हणतील तसं होणार होतं.

तपासणीच्या दिवशी शिपाईमामांनी पाहुणे यायचे म्हणून सगळं लख्ख केलं आणि ती कळकट बादलीही उचलून ठेवली. एका मुलीनं सवयीनं मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, निळं पाणी बेसिनमध्ये ओतलं. ते थेट शेजारीच उभ्या तपासनिसांच्या बुटांवर. मीही आता तिथंच शिकवते. मी फडकं आणायला धावले.

"जरा पाय बाजूला घेता? ते आमचं आहे," आत्या म्हणाली. हातमोजे चढवून तिनं फरशी टिपली, बूटही टिपले, फडकं काचपात्रात पिळलं, गाळलं आणि त्यात लोखंडाचा कीस टाकला. निळा रंग हळूहळू विरला, तळाशी लालसर तांबं बसलं. कितीही वेळा पाहिलं तरी मी वाकून पाहतेच.

"आता याचं काय करणार?" तपासनिसांनी विचारलं.

"तापवून काळं करायचं, आम्लात विरघळवायचं, की पुन्हा मोरचूद. पुढच्या वर्गाला तोच. हे हिरवट पाणी लोखंडाच्या प्रयोगाला. पाइप होता तेव्हाही तांबं मी कधी वाहू दिलं नाही; विकत घेऊन जमाना झाला. ही माझी भाची, विद्यार्थिनी होती तेव्हा हिनंही हेच तांबं निळं केलंय."

हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. माझ्या हातचं तांबं कुणाकुणाच्या हातून फिरून पुन्हा माझ्यासमोर येऊन बसलं होतं. आणि या बाईला मी आयुष्यभर चिक्कू म्हणत आले.

तपासनिसांनी वाकून बेसिनखाली पाहिलं. "पाइप बसवू नका," एवढंच म्हणून ते निघाले.

दारापर्यंत जाऊन परत आले आणि एक पाय पुढे करून म्हणाले, "बाई, टाचेपाशी थोडं राहिलंय. घेता का?"