धानाच्या पोत्यांमागचा सिलिंडर

भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला कैलाशचं वेल्डिंगचं दुकान. ट्रॅक्टरची ट्रॉली, नांगराचा फाळ, घराचं गेट, जे मोडेल ते लोक त्याच्याकडेच आणायचे. हात साफ होता, जीभ गोड होती, तेवढ्यावर वीस वर्षं काम चाललं. पण गावात त्याचं नाव झालं ते दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये. सगळीकडे ऑक्सिजनची बोंब उठली होती. लोखंड कापायला वापरतात ते सिलिंडर ज्यांच्याजवळ आहेत त्यांनी दवाखान्यांसाठी जमा करावेत, असा निरोप आला. बाकीचे कारागीर आज देऊ, उद्या देऊ करत होते. कैलाशने त्याच सकाळी आपले दोन्ही भरलेले सिलिंडर गाडीत चढवून दिले. कोणीतरी त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला.

चौथ्या दिवशी त्याच्या मोठ्या भावाला, ईश्वरला, श्वास पुरेना.

नातेवाईक फोन उचलेनात. तेव्हा शेजारचा चंद्रभान आपली मालवाहू गाडी, छोटा हत्ती, घेऊन दारात आला. मागे गादी टाकली, ईश्वरला निजवलं, बाजूला कैलाश बसला. भंडाऱ्यात खाट मिळाली नाही. नागपूरला तीन ठिकाणी दारावरूनच परत पाठवलं. चंद्रभानने सात तास गाडी चालवली, एकदाही कुरकुर केली नाही. चौथ्या दवाखान्याच्या दारात त्याने इंजिन बंद केलं तेव्हा मागे ईश्वर संपला होता, आणि कैलाश अजून त्याच्या पाठीवर हात फिरवून त्याला श्वास घ्यायला सांगत होता.

माझे दोन सिलिंडर घरी असते तर, हे वाक्य कैलाश कोणाजवळ बोलला नाही. पण त्यानंतर तो फोटो कोणी दाखवला की तो उठून जायचा.

लस आली तशी त्याने सगळ्यांना ओढत नेलं. बायको रेणू, वहिनी बेबीबाई, स्वतः. रेणूला दम्याचा त्रास, म्हणून तिच्यासाठी तर तो दोनदा उन्हात रांगेत उभा राहिला. दुसरी सुई झाली त्या दिवशी त्याने तिघांची प्रमाणपत्रं प्लास्टिकमध्ये मढवून घेतली. त्या दिवाळीत, ईश्वर गेल्यानंतर पहिल्यांदा, घरात त्याच्या पोरांच्या हसण्याचा आवाज झाला.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी टीव्हीवर ते नवीन नाव आलं. ओमायक्रॉन.

हेमराजच्या चहाटपरीवर दुसरा विषयच राहिला नाही. "दोन-दोन सुया टोचून घेतल्या, मंग हे काय नवीन?" एकजण म्हणाला.

"सुईलेही हूल देते म्हणते हा," हेमराज चहा गाळत म्हणाला. "अन् पहिल्यापेक्षा दसपट जोरात पसरते."

"हलका आहे म्हणतेत ना पण."

"पहिलाबी हलकाच म्हणत होते."

कैलाशने अर्धा चहा तसाच ठेवला.

त्याच आठवड्यात त्याने कामाचं निमित्त करून नागपूरकडून एक भरलेला सिलिंडर आणला. तोंडाला लावायचा मास्क, नळी, पाण्याची बाटली असलेलं मीटर, सगळं एक-एक करून जमवलं. दुपारी बाया वावरात गेल्या असताना त्याने तो सिलिंडर मधल्या खोलीत धानाच्या पोत्यांमागे उभा केला आणि वरून तरट टाकलं. दुकानात कापायचं काम आलं की म्हणायचा, "गॅस नाही बा, दुसरीकडून करून घे." चांगलं गिऱ्हाईक परत जायचं. त्याला त्याचं काही वाटेना. दिवसातून चार वेळा तो मधल्या खोलीत जाऊन मीटरचा काटा बघून यायचा.

बेबीबाईने ओळखलं. पोतं काढायला गेली तेव्हा तरट सरकलं. तिने तरट पुन्हा नीट केलं.

जानेवारी लागला आणि घराघरात सर्दी-ताप सुरू झाला. उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायचे दिवस, पण अर्ध्या गावाची अंगं मोडून आली होती. लोक तपासायला जात नव्हते. तपासलं तर नाव येईल, नाव आलं तर दारावर कोणी येणार नाही, हे सगळ्यांनी एकदा बघितलं होतं. खोकला आला तरी बाया तोंडात पदर कोंबून खोकायच्या. बहुतेक जण चार दिवसांत उठून कामाला लागत होते. पण आपण त्या बहुतेकांत आहोत की नाही, हे पाचव्या दिवसापर्यंत कोणालाच कळत नव्हतं.

रेणू तिसऱ्या आठवड्यात पडली. ताप, कोरडा खोकला, छातीत शिटी. कैलाश दर अर्ध्या तासाने तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची मशीन लावायचा. शहाण्णव. पंच्याण्णव. पुन्हा शहाण्णव.

"अहो, बोट दुखून राहिलं माझं," ती म्हणाली. "मी बरी आहो."

"चूप राय," तो म्हणाला आणि पुन्हा मशीन लावली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चंद्रभान दारात आला. घामाने भिजलेला, मास्क हनुवटीवर.

"कैलाश, मायचं लय बिघडलं. अठ्ठ्याऐंशी दाखवून राहिलं. ॲम्ब्युलन्सचा फोन लागून नाही राहिला. गाडी माझा साळा धान घेऊन गेला खरेदी केंद्रावर, तिकडं लाइन आहे, यायले दोन घंटे लागतीन. तुह्याजवळ एखादा सिलिंडर असन तर दे ना. गाडी येईपर्यंतच."

त्याची आई, रुखमामाय, अठ्ठ्याहत्तरची. साखरेचा आजार. लस घ्यायला तीही कैलाशच्याच सांगण्यावरून गेली होती.

कैलाश दाराच्या चौकटीत उभा होता. मागून रेणूचा खोकला आला, लांबलचक, थांबता थांबेना असा.

"नाही बा," तो म्हणाला. "माह्याजवळ कायचा सिलिंडर? सगळे देऊन नाही का टाकले मागच्या साली."

चंद्रभानने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावरून आत मधल्या खोलीकडे बघितलं. "हाव," एवढंच म्हणाला आणि धावतच परत गेला.

कैलाशने दार लोटलं. वळला तर बेबीबाई उभी होती. नवरा गेल्यापासून ती मोजकंच बोलायची.

"भाऊजी, पोरायचे बाबा गेले तवा हाच माणूस गाडी घेऊन आलता."

"वहिनी, हिले काही झालं तर? रात्री-बेरात्री हिचा दम वाढला तर मी कोणाच्या दारात जाऊ?"

"तुमी दिलेले ते दोन सिलिंडर कोणाले तरी लागले असतीन. कोणी तरी वाचलं असन त्याच्यानं. मी तसंच समजून दिवस काढून राहिली." तिचा आवाज चढला नाही. "आता मले हेबी समजावं लागन का, की आपल्या घरी भरून ठेवला होता अन् ते बुढी तशीच गेली?"

आतून रेणूने ऐकलं असावं. "देऊन टाका हो," ती म्हणाली आणि पुन्हा खोकू लागली.

कैलाश भिंतीला टेकून बसला. किती वेळ, ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. दहा मिनिटं असतील, अर्धा तास असेल. मग उठून त्याने पोती ओढली, सिलिंडर कलता करून गोल फिरवत अंगणात आणला, हातगाडीवर चढवला आणि गल्लीतून ढकलत निघाला. लोक दारांतून बघत होते. कोणी पुढे आलं नाही.

चंद्रभानच्या घराला कुलूप होतं. समोरची बाई लांबूनच म्हणाली, "रस्त्यावरून ऑटो थांबवून नेलं बुढीले. मांडीवर घेऊन बसला होता. मघाच गेले."

यावेळी खाट मिळाली. ऑक्सिजनही लगेच लागला, कशाचीच कमी नव्हती. तरी रुखमामाय चौथ्या दिवशी गेली. वय होतं, साखर होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि आणेपर्यंत आकडा फार खाली गेला होता, असंही सांगितलं. कैलाशने यातलं शेवटचंच वाक्य ऐकलं. रेणू आठ दिवसांत उठून चुलीशी बसली. तिला ऑक्सिजन लागलाच नाही.

फेब्रुवारीत तेरवी झाली. तोवर टपरीवरचे लोक म्हणू लागले होते की हलकाच होता बा, उगाच भ्यालो. कैलाश जेवायला जायचं टाळत होता, बेबीबाईने पाठवलं. चंद्रभान मागच्या बाजूला बोअरवेलच्या नळावर हात धूत होता. बाजूला कोणी नव्हतं.

"चंद्रभान," कैलाश म्हणाला, "त्या दिवशी माह्याजवळ होता सिलिंडर. भरलेला. मी खोटं बोललो."

चंद्रभानने नळ बंद केला नाही. "माहीत आहे मले."

"कोणं सांगतलं?"

"कोणी नाही. तुह्या दारात उभा होतो ना मी. पोत्याच्या मागून तरट सरकलं होतं, सिलिंडरचं काळं दिसून राहिलं होतं."

"मंग बोलला काहून नाही? माही कॉलर धरली असती. हिसकून नेला असता."

"तुही बायको खोकलत होती आत." चंद्रभानने ओले हात पँटला पुसले. "तवापासून एकच इचार येते. माह्या घरी असता अन् तू मागाले आला असता, तर म्या बी नाहीच म्हटलं असतं. तुह्यावर राग नाही, कैलाश. भेव लागते. तुहं बी अन् माहं बी."

कैलाशला पाया पडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. दोन्ही जमलं नाही. तेवढ्यात मंडपातून हाक आली, पंगत बसली होती. चंद्रभान पुढे गेला, कैलाश मागून गेला आणि मिळेल त्या जागी बसला. पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं. वाढणारे नाकावर रुमाल बांधून फिरत होते. माणसं जुन्यासारखी मांडीला मांडी लावून बसली नव्हती; सांगितलं नसताना प्रत्येकाने मध्ये हातभर जागा सोडली होती.

पंगतीच्या त्या टोकाला कोणीतरी खोकलं. साधा ठसका असेल, मिरचीचा असेल. सगळ्या पंगतीचे हात पत्रावळीवर तिथल्या तिथे थांबले.