वन्सं आणि पाचवीचं विज्ञान

माशांच्या संसाराबद्दल आमच्या वन्संइतकं मोकळेपणाने बोलणारी बाई उभ्या जपानात सापडायची नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. हा शब्द आता कुणी वापरत नाही हे मलाही माहीत आहे, पण लग्नानंतर मी एकदा थट्टेने म्हटलं आणि त्यांना तो इतका आवडला की ताई म्हटलं तर त्या ओच देत नाहीत. पुण्याहून पीएच.डी.ला आल्या आणि कावासाकीलाच राहिल्या. मेदाका नावाचा बोटाच्या पेराएवढा मासा असतो, त्याची अंडी एका संशोधन संस्थेत तपासतात. घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या, आणि एकीतही लोणचं नाही. आपण तोयोसूच्या आमच्या घरून गाड्या बदलत दमून जावं, तर चहाच्या आधी बरणी पुढे येते, "सांग बघू, यातला नवरा कुठला?" मी अंदाजाने बोट दाखवते आणि दर वेळी चुकते. एकदा आमच्या टॉवरमधल्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. नव्याने राहायला आलेल्या एका मुलीला दिवस गेलेले होते. वन्संनी कितवा आठवडा म्हणून विचारलं, तिने लाजत सातवा म्हणून सांगितलं, आणि वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे बाळाला शेपूट आहे अजून." तिची सासू नुकतीच नागपूरहून आली होती. त्या माउलीने हातातलं वाण तसंच खाली ठेवलं.

तर अशा या वन्संचा वर्षाचा खरा सण जूनमध्ये येतो. इथे शाळेची पुस्तकं मंत्रालय तपासून देतं आणि त्यातली कुठली घ्यायची ते त्या त्या शहराचं शिक्षण मंडळ ठरवतं. ठरवण्याआधी ती पुस्तकं लोकांना बघायला मांडून ठेवतात. कुणीही जावं, वाचावं, कागदावर आपलं मत लिहावं आणि पेटीत टाकावं. 'कुणीही' हे म्हणायला. प्रत्यक्षात शिक्षण केंद्राच्या त्या खोलीत एक जांभया देणारे कारकून असतात आणि वन्सं असतात. वन्सं पोळीभाजीचा डबा घेऊन जातात, सगळ्या कंपन्यांची पाचवीची विज्ञानाची पुस्तकं पुढ्यात घेतात आणि परीक्षेला बसल्यासारख्या लिहीत सुटतात. कागद पेटीत पडला की ते कारकून उठून कमरेत वाकतात आणि म्हणतात, "आपलं मोलाचं मत मिळालं, आभारी आहोत." पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच कारकून, तेच मत, तेच आभार. मी एकदा न राहवून म्हटलं, "वन्सं, कशाला डोकं फोडून घेता?" तर म्हणाल्या, "अगं, ते मला नाही तरी म्हणत नाहीत. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं."

त्यांचं दुखणं काय, ते सांगायलाच हवं. पाचवीच्या विज्ञानात मेदाका असतो. मुलं वर्गात मासे पाळतात, नर-मादी कसे एकत्र येतात, अंडं कसं फळतं, सगळं पुस्तकात रंगीत चित्रांसह असतं. पान उलटलं की माणूस येतो, तो एकदम आईच्या पोटातच. तिथवर पोचला कसा, त्याबद्दल अवाक्षर नाही. ती वाट शिकवायची नाही, असं अभ्यासक्रमातच लिहून ठेवलंय. "मासे बिचारे सगळं रीतसर करतात," वन्सं म्हणतात, "आणि माणूस तेवढा पावसाळ्यातल्या भूछत्रासारखा उगवतो." त्यांचा राग नुसता विज्ञानाचा नव्हता. त्या स्वतः शाळेत असताना बाईंनी माणसाचा तो धडा घरी वाचून यायला सांगितला होता आणि घरी आमच्या सासूबाईंनी त्या पानांना टाचण्या मारल्या होत्या. पुढे वन्संनी जे कळून घेतलं ते बेडकांकडून आणि माशांकडून. लग्न ठरेपर्यंत आपण कशाला कशाला घाबरायचो, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि ते मी इथे सांगणार नाही. लेकीचं असं व्हायला नको, एवढंच त्यांना हवं होतं. ती लेक, रेवा, या वर्षी पाचवीत गेली.

रेवाच्या वर्गशिक्षकांना तिची आई माशांची डॉक्टर आहे हे कळलं आणि त्यांनी वन्संना एक तास घ्यायला बोलावलं. वन्सं इतक्या खूश की नवी साडी काढली. मदतीला म्हणून मला नेलं, म्हणजे बरण्या उचलायला. दाराशीच सेन्सेईंनी, म्हणजे त्या शिक्षकांनी, वन्संना अदबीने बाजूला घेतलं. पंचविशीतला गोरागोमटा पोरगा, कपाळावर घाम. म्हणाला, "कृपा करून माशांपर्यंतच थांबावं." वन्संनी शब्द दिला आणि पाळलाही. तास असा रंगला की पोरं सूक्ष्मदर्शकावरून हटेनात. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "मग माणसांचं कसं होतं?" रेवाने मान इतकी खाली घातली की तिचे केस वहीला लागले. सेन्सेई हसून म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, पण तो भाग आपण वर्गात करत नाही." वन्सं डोळ्यांत पाणी आणून बरण्यांची झाकणं लावत बसल्या. त्या सेन्सेईंवर रागावताही येईना, कारण जाताना त्यांनी फाटकापर्यंत येऊन पुन्हा पुन्हा माफी मागितली.

उन्हाळ्यात मंडळाची पुस्तकं निवडायची बैठक होती. ती लोकांना ऐकायला जाता येते, मात्र तोंड उघडायचं नाही, टाळ्यासुद्धा वाजवायच्या नाहीत. मी दुकानातल्या माझ्या पार्टटाइम कामावर रजा टाकून वन्संबरोबर गेले. एकटीला सोडायची मला भीती वाटत होती. विज्ञान आलं. एका सभासदांनी पुस्तकाचं वजन विचारलं, कारण मुलांची दप्तरं जड झालीत. दुसऱ्या बाईंना मुखपृष्ठावरचा बेडूक फार आवडला. अक्षरांचा रंग सगळ्या मुलांना दिसतो का, यावर चांगलं बोलणं झालं. मग मतासाठी हात वर झाले आणि संगीताची पुस्तकं सुरू झाली. 'नागरिकांची मोलाची मतंही विचारात घेतली आहेत' असं अध्यक्ष मध्ये म्हणाले, तेव्हा वन्संनी माझा दंड इतका आवळला की आठवडाभर काळानिळा होता. परतीच्या गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "वाईट माणूस एकही नाही गं तिथे. कुणाला धरायचं?"

हिवाळा लागायच्या सुमाराला वर्गात माणसाचं पान आलं. त्या शनिवारी मी कावासाकीलाच होते, थालीपिठं लावत होते. रेवा एरवी आपण मराठीत विचारावं आणि तिने जपानीत उत्तर द्यावं अशातली. त्या दिवशी टेबलाशी येऊन बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, माशांचं मला कळलं. पण माणसांचं कसं? शाळेत म्हणाले, घरी विचारा."

मला वाटलं, आता बांध फुटणार. इतक्या वर्षांचं साठलेलं, आणि विचारणारी पोटची पोर समोर. वन्संनी हात पुसले, खुर्ची ओढली. "हे बघ," म्हणाल्या, "आई आणि बाबा जेव्हा..." आणि थांबल्या. मग पुस्तकी मराठीत सुरुवात केली, शब्द असे की मलाच कळेनात. ते सोडून इंग्रजीत गेल्या, तिथून जपानीत. प्रत्येक वेळी त्याच जागेपाशी येऊन गाडी अडली. भर हळदीकुंकवात शेपूट काढणारी ही बाई कानापर्यंत लाल झाली होती. मी तरी काही बोलावं की नाही? मी तव्याकडे पाहत राहिले. शेवटी वन्संच म्हणाल्या, "मामी बसलीय ना आता. नंतर सांगते हं, बाळा."

रेवाने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपण मोठ्या माणसांना अडचणीत टाकलंय हे त्या पोरीला कळलं. "दाइजोबु," म्हणाली, म्हणजे असू दे, काही हरकत नाही. एक थालीपीठ उचलून खोलीत गेली आणि दार हळूच लावून घेतलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

रात्री मी निघाले तेव्हा वन्सं स्टेशनापर्यंत सोडायला आल्या. माझी लेक अजून बालवाडीत आहे. फलाटावर तिच्यासाठी खाऊची पुडी माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुझी लहान आहे अजून. वेळ आहे तुझ्याकडे. तू मात्र सांग हं तिला." मी हो म्हटलं. कुठल्या शब्दांत सांगायचं ते मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. गाडी आली तशी मी आत शिरले, आणि दार लागेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत राहिलो.