हनुवटीची पट्टी

शवविच्छेदनाला सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टर मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकत. कोणी कारण विचारले, तर एवढेच म्हणत, "घाई बाहेरच्यांना असते."

बाहेरचे म्हणजे आम्ही. मी पोलीस निरीक्षक होतो. संशयास्पद मृत्यूंच्या निमित्ताने त्यांच्या दाराशी अनेकदा उभा राहिलो. ज्यांच्यापुढे आपला आवाज आपोआप खाली येतो, अशी माणसे आपणही पाहिली असतील. एकदा मी म्हणालो, "डॉक्टर, हा खून आहे हे उघड आहे."

"मग माझ्याकडे कशाला आलात? थेट न्यायाधीशांकडे जा."

पुन्हा मी ते वाक्य उच्चारले नाही.

धायरीचे प्रकरण मला विशेष आठवते. एक वृद्ध शेतकरी सकाळी अंथरुणात मृत आढळला. घरात तो आणि त्याची विधवा सून सुनंदा, दोघेच. त्याची मुलगी परगावाहून निघून स्वारगेटला उतरून घरी पोहोचेपर्यंत दुपार झाली; तिच्यासाठी अंत्यविधी थांबला होता. देह अंघोळीला घेतला, तेव्हा पुतण्याला गळ्यावर वळ दिसला. सुनेने गळा आवळला, असा त्याने गिल्ला केला. म्हाताऱ्याची जमीन रस्त्याला लागून होती आणि ती सुनेच्या नावावर होणार हे सर्वांना ठाऊक होते. मी पोहोचलो, तोवर निम्म्या गावाने तिला खुनी ठरवले होते.

सुनंदा रडत नव्हती. "चहा घेऊन गेले, तर मामंजी उठेनात," एवढेच सांगत होती. डॉक्टरांचा निष्कर्ष तिच्या विरुद्ध गेला असता, तर तिला अटक करणे मला भाग होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शवागाराबाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी मी महिला शिपाई बसवली होती.

पुतण्या दारात येरझाऱ्या घालत होता. डॉक्टर येताच पुढे झाला. "गळ्याव वळ हाय, डॉक्टर. समद्या गावानं बघितलाय. आता आजून काय बघायचं?"

"गावानं बाहेरून बघितलंय."

"पण उशीर होतोय."

"तुम्हाला होत असेल. त्यांना कुठं जायचं नाही."

त्यांनी घड्याळ खिशात टाकले आणि दार लावून घेतले.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. माझ्याकडे पाहिलेही नाही. बाकाजवळ जमलेल्या बायकांना त्यांनी विचारले, "यांची हनुवटी कोणी बांधली होती?"

मृताचे तोंड उघडे राहू नये म्हणून आपल्याकडे हनुवटीखालून डोक्यावर कापडाची पट्टी बांधतात. मी घरी गेलो तेव्हा अशी पट्टी देहावर नव्हती, आणि तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नव्हते. पोलीस दिसताच बायकांची दातखीळ बसली होती. सुनंदाला तर आदल्या दिवशी सकाळपासून आतल्या खोलीत बसवले होते. तिला काही ठाऊक नव्हते.

शेजारची आक्का उठली.

"म्या बांधली. तोंड उघडं बरं दिसतं का? फडकं सारखं गळ्याव घसरत व्हतं, म्हणून आवळून गाठ मारली. अंघुळीला सोडलं. मग पोलीस आलं म्हटल्याव कमरंला खोचलं."

तिने कमरेचे फडके काढून दिले. जुन्या धोतराची चिंधी होती. डॉक्टरांनी ती आत नेऊन वळाशी ताडून पाहिली. रुंदी जुळली, गाठीची जागाही जुळली.

"जिवंत माणसाचा गळा आवळला, तर कातडीखाली रक्त साकळतं," ते सर्वांसमोर म्हणाले. "इथं थेंब नाही. गळ्यातलं हाड शाबूत आहे. वळ उठला तो मृत्यूनंतर. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी बंद झाली होती. त्यानं गेले."

पुतण्या दारातून बाजूला झाला. सुनंदा तेव्हा प्रथम रडली. मी महिला शिपायाला तिच्या शेजारून उठवले.

आक्काने डॉक्टरांचा हात धरला. "माज्यामुळं पोरगी तुरुंगात गेली असती का वो?"

"नाही आजी. बोललात ना तुम्ही."

पुढे रासायनिक तपासणीतही विष आढळले नाही. सुनंदा आज त्याच जमिनीत शेवंती लावते आणि फुले मार्केट यार्डात पाठवते. दसऱ्याला माझ्याकडे एक टोपली येते. मी घेतो.

डॉक्टर गेल्या वर्षी गेले, घरी, झोपेत. त्यांची एक विद्यार्थिनी आता त्या टेबलाशी उभी राहते. ती घड्याळ वापरत नाही. मोबाईल बंद करून खणात ठेवते. परवा एक तरुण निरीक्षक मला तक्रारीच्या सुरात सांगत होता, "सर, मॅडम म्हणतात, घाई बाहेरच्यांना असते." मला बरे वाटले.

त्या दिवशी देह ताब्यात देण्यापूर्वी डॉक्टरांनी आक्काला दारापर्यंत बोलावले होते. मी मागे उभा होतो. टाके त्यांनी स्वतः घातले होते. सदऱ्याबाहेर एकही दिसत नव्हता. त्यांनी हनुवटीखाली कापसाची घडी ठेवली, मऊ बँडेजची रुंद पट्टी डोक्यावर नेली आणि हलकी गाठ मारली. "आजी, अशी बांधायची." आक्काने मान हलवली. त्या गाठीवर त्यांनी म्हाताऱ्याची टोपी सरळ बसवली, हात धुतले, आणि खिशातले घड्याळ काढून मनगटावर चढवले.