दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला सूट

खमतराईची वस्ती मागे पडून बराच वेळ झाला, तरी दीपमाला थांबायचं नाव घेईना. मंदाकिनी पदर नाकाशी दाबून तिच्या मागून फरपटल्यासारखी चालली होती. समोरून सळया भरलेले ट्रक, मागून कोळशाचे ट्रक, आणि कडेला ती काळी धूळ, जी चप्पल घातलेली असली तरी बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसते. एका ट्रकच्या चाकाआड ड्रायव्हर उभा होता. या दोघींना पाहून त्यानं नुसती मान वळवली, बाकी काही थांबवलं नाही.

"शी बाप्पा!" मंदाकिनी म्हणाली. "दीपाताई, आता तरी ऑटो करू ना. माझं नाक नाही राहिलं."

"ऑटोत बसून दम वाढते का कोणाचा? तू कर ऑटो. मी येते मागून."

आता एकटीनं ऑटो काय करायचा! समता कॉलनीतून सकाळी निघताना भनपुरीला जायचं एवढंच मंदाकिनीला ठाऊक होतं. चालत जायचं, हे दीपमालानं कोपऱ्यावर आल्यावर सांगितलं. ती रोजच दोन-अडीच तास चालायची. पाण्याखाली जायचं तर छाती तयार पाहिजे, असं तिला पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं.

दीपमाला अठ्ठावन्न वर्षांची. तिचे वडील भंडाऱ्याकडचे, रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. क्वार्टरच्या मागं तळं होतं, तिथं ती सातव्या वर्षी पोहायला शिकली. कमळाचे कंद काढायला बुडी मारायची, ती डोळे उघडे ठेवून. वर येईपर्यंत काठावरची माणसं श्वास धरून बसायची म्हणे. त्या तळ्यात आता तीन बाजूंनी गटारं येतात. मागं एकदा तिनं मंदाकिनीला नेऊन दाखवलं होतं. हिरव्या सायीवर मूर्तीचा एक तुटका हात, दोन-चार बाळांचे लंगोट आणि एक मेलेलं डुकराचं पिल्लू तरंगत होतं. दीपमाला काठावर थुंकली आणि परत फिरली, ती पुन्हा तिकडं गेलीच नाही.

कॉलनीत तिला सगळे 'लॅबवाली दीदी' म्हणत. एकतीस वर्षं तिनं दुसऱ्या गल्लीतल्या पॅथॉलॉजीत काम केलं. लोकांच्या लघवीच्या, शौचाच्या डब्या घ्यायच्या, नावं लिहायची, काचेवर थेंब घेऊन बघायचं. निवृत्त झाली तेव्हा लॅबवाल्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिनं ते सुनेला देऊन टाकलं आणि पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. तिला समुद्राच्या तळाशी जायचं होतं, स्वच्छ पाण्यात, डोळे उघडे ठेवून.

मागच्या हिवाळ्यात ती एका ग्रुपबरोबर अंदमानला गेली आणि पाण्यात न उतरताच परत आली. कॉलनीत बोभाटा झाला की बाई घाबरली. का परत आली, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मंदाकिनीनं आज चालता चालता विचारलं.

"तिथं सूट भाड्यानं देतात, रबराचा," दीपमाला म्हणाली. "माझ्या आधी कोणीतरी घालून आलं होतं. ओला होता. मी म्हणलं, समुद्राचंच पाणी आहे, होऊ दे. पाय घातला. अन् मंदा, तो आतून गरम होता."

"गरम म्हंजे?"

"गरम म्हंजे गरम. आत्ताच केल्यासारखा."

मंदाकिनी रस्त्यातच उभी राहिली.

"मी तिथल्या बोटीवरच्या शिकवणाऱ्याले सांगितलं, तर हसते तो. म्हणते, आंटी, सब करते हैं, पानी में धुल जाता है."

"पण ताई, तुम्हाले तर सवय... म्हंजे लॅबमधे..."

"सवय!" दीपमाला इतक्या जोरात वळली की मंदाकिनीनं पदर सोडला. "लॅबच्या शिशीवर नाव असते. वय असते. झाकण असते. ज्याचं त्याचं असते ते, अन् मी हातमोजे घालून धरत होती. हे कोणाचं, काय माहीत. त्याले मी अंगात घालून राहिली, मंदा! गळ्यापर्यंत! मले तिथंच ओकारी झाली, बोटीवर. बाकीचे खाली जाऊन मासे पाहून आले अन् म्हणाले, आंटी डर गईं. माझा पोरगा प्रशिकही तेच म्हणते. मम्मी, आपसे नहीं होगा, रहने दो."

या वर्षीची बोट सोळा दिवसांवर आली होती. डॉक्टरनं तब्येतीच्या कागदावर कुरकुरत सही केली होती. रक्तदाब आणि गुडघे बघून त्यानं साफ सांगितलं होतं की पुढच्या वर्षी सही मागायला येऊ नका. म्हणजे यंदा गेली तर गेली. आणि भाड्याच्या सुटात तर ती पाय घालणार नव्हती. म्हणून ही भनपुरीची पायपीट. तिथल्या कारखान्यांना गमबूट, हेल्मेट विकणाऱ्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं की त्याच्याकडं पाणबुड्यांचे कोरे सूट आहेत.

मंदाकिनी घरी ब्लाउज शिवायची, त्यामुळे अंगावर घालायच्या कोणत्याही वस्तूविषयी तिला बोलल्याशिवाय राहवत नसे. "एक साइझ मोठाच घ्या. अंगाले चिकटलेलं बरं नाही दिसत. श्वासही घेता आला पाहिजे."

"अवं, ढिला घेतला की पाणी आतबाहेर करते. अंगातली ऊब धुऊन नेते. तिथलं पाणी कोमटच असते, पण पाऊण तास खाली राहिलं की दात वाजतात. मानेले, मनगटाले, कमरेच्या खळग्यात, कुठंच फट नको. अन् जाडही नको. तीन मिलिमीटर पुरे. पोवळ्यानं खरचटू नये, जेलीफिशचा चटका बसू नये, एवढंच."

दुकान उघडलेलंच होतं. रबर, ग्रीस आणि उंदरांच्या लेंड्या, असा तिन्ही मिळून एक वास दारातच अंगावर आला. गल्ल्यावरच्या दुकानदारानं, हिरालालनं, नमस्कार केला.

"आइए दीदी. सूट भैया के लिए?"

"मेरे लिए."

त्यानं दीपमालाला खालून वर आणि वरून खाली पाहिलं, घाई न करता. "इस उमर में?"

"मेरी छोड़ो, भैया. सूट की उमर बताओ."

त्यानं आधी एक काळं धूड काढून गल्ल्यावर आपटलं. सात मिलिमीटरचं. "पूरा माल है. जितना मोटा, उतना मजबूत." दीपमालानं ते हातानंच बाजूला सारलं. एवढं जाड रबर घातलं तर ती लाकडासारखी वर तरंगली असती, तिला बुडवायला पोतंभर शिसं कमरेला बांधावं लागलं असतं, आणि वर कोमट पाण्यात उकडून निघाली असती ते वेगळंच.

मग त्यानं तीन मिलिमीटरचा काढला. करकरीत प्लास्टिकच्या पिशवीत. "एकदम नया. सीलबंद."

पिशवी फोडली आणि मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला. मंदाकिनी चमकली. रोज सकाळी देवापुढं ती हीच उदबत्ती लावायची. रबराच्या कपड्याला देवघराचा वास कशाला? तिनं सूट उलटून शिवण पाहिली. नवलाची शिवण होती. आधी चिकटवलेली, मग वरवर दोरा फिरवलेला, सुई कुठंच आरपार गेलेली नाही. मांड्यांच्या मधोमध मात्र चिकटवण दुहेरी होती.

"इथं जोड आहे, ताई."

"कंपनी की डिज़ाइन है," हिरालाल म्हणाला.

दीपमालाला आशा होती, म्हणून तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सोळा दिवस राहिले की माणूस असंच करतो. घालून पाहायला जागा म्हणून गमबुटांच्या थप्पीमागचा अंधारा कोपरा मिळाला, वर पत्रा. पोहायचा पोशाख ती आतून घालूनच आली होती. पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या म्हणजे रबर सरकतं, हे तिनं शिकून ठेवलं होतं. पाय गेले, पार्श्वभाग कसाबसा कोंबला, हात गेले. मंदाकिनीनं पाठीची चेन ओढली. सूट पुरुषाचा होता. मांड्यांवर करकचून, कमरेवर आणि मानेशी पिशवीसारखा लोंबता.

"दोन मिनिटं थांब. पाहू दे," दीपमाला म्हणाली.

पत्र्याखाली तिला घाम फुटला. रबर तापलं. आणि अंगाची वाफ जशी आत भरली, तसा मोगरा हटला आणि त्याच्या खालचं वर आलं. जुनं, मुरलेलं, नाकात खिळा ठोकल्यासारखं. रेल्वे फलाटाच्या टोकाला असतं ते.

"मंदा, काढ." दीपमालाचा आवाज चिरकला. "काढ लवकर. जीव घुसमटून राहिला माझा."

चेन उतरली, पण ओल्या अंगाला रबर चिकटून बसलं होतं. मंदाकिनीनं मानेपाशी बोटं घातली. कॉलरच्या आत, भाड्याच्या सामानावर असतो तसा, पांढऱ्या रंगानं चौदा आकडा लिहिलेला होता. तिनं बगलेखालून ओढलं, पाठीवरून सोललं, कमरेला दोन्ही हातांनी धरून खाली खेचलं. हाताला घाम लागला, केस लागले. ते दीपमालाचे नव्हते, आखूड आणि कुरळे होते. घोट्यापाशी आतून एक जुनी मलमपट्टी निघाली, कोण्या अनोळखी माणसाच्या वाळलेल्या रक्तासकट. ती मंदाकिनीच्या अंगठ्याला चिकटली आणि झटकली तरी सुटेना. दीपमाला भिंतीला हात टेकून ओकारी गिळत होती, आणि मंदाकिनीचा तळहात अजून तिच्या उघड्या पाठीवर होता.

तेव्हा मंदाकिनीच्या ध्यानात आलं की या बाईच्या अंगाला आपला हात आज पहिल्यांदा लागतो आहे.

बावीस वर्षं ती दीपमालाचे ब्लाउज शिवत होती. कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे खांदे तिला हातानं पाठ होते. दुसरं कोणी आलं की ती टेप काढायची. दीपमाला आली की म्हणायची, "मापाचं ब्लाउज आणून द्या ना, ताई." दीपमाला ते धुऊन, इस्त्री करून आणायची. मंदाकिनी दोन बोटांनी उचलून मशीनखाली ठेवायची. लॅबचे हात आहेत, किळस येते, असं ती स्वतःला सांगत आली होती. ते अर्धंच खरं होतं. दीपमाला बौद्ध, आणि उरलेलं कारण जातीचं होतं. ते तिनं दिवा लावताना देवापुढंसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. आता अंगठ्याला चिकटलेल्या त्या पट्टीपेक्षा तिला स्वतःच्या त्या दोन बोटांची शिसारी आली.

कपडे करून दीपमाला बाहेर आली. सूट गल्ल्यावर टाकला.

"भैया, यह चौदह नंबर क्या है?"

"साइज है, दीदी."

"इस साइज में कम से कम दो सीज़न पेशाब किया है लोगों ने."

"अरे! आपको कैसे मालूम?"

"इकत्तीस साल लैब में थी."

"तभी!" हिरालाल हसला, दात दिसेपर्यंत. "आप लोग जिंदगी भर वही उठाए, वही सूँघे. अब तो आपको प्रसाद में भी वही बू आएगी."

असं बोलणं दीपमालानं या आधीही ऐकलं असणार, कारण ती नुसती पर्सची चेन लावायला लागली. मंदाकिनीला मात्र ते आपल्याच तोंडचं वाटलं. तिनं सूट उचलला, मांड्यांमधली ती जोडाची जागा वर केली आणि हिरालालच्या नाकापुढं धरली.

"नया है ना, भैया? सूँघो."

"अरे, क्या कर रही हो, हटाओ!"

"सीलबंद है ना? लो, सूँघो!"

तो खुर्चीसकट मागं सरकला. मंदाकिनीनं सूट त्याच्या मांडीवर टाकला. तो दोन्ही हात पँटला पुसत होता, तेवढं पाहून दोघी बाहेर पडल्या.

रस्त्याकाठच्या नळावर दीपमालानं पर्समधून साबणाची वडी काढली आणि हात, मान, घोटे घासघासून धुतले. मग वडी मंदाकिनीला दिली. मंदाकिनीनं अंगठा लाल होईपर्यंत चोळला.

"आता काय करता, ताई? सोळा दिवसांत दुसरा कुठून येणार?"

दीपमालानं एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर बाईच्या अंगाची आकृती, पुढून आणि मागून, आणि चोवीस रेघा.

"दक्षिणेकडं एक जण मापानं शिवून देते. उद्या संध्याकाळपर्यंत माप पाठवलं तर सूट वेळेवर येईन म्हणते."

"कधीपासून आहे हा तुमच्याजवळ?"

"महिना झाला."

"मग या घाणीत काहून आलो आपण?"

"स्वतःचं माप स्वतःले घेता येत नाही, असं लिहिलं आहे. सून म्हणते, मम्मीजी, मुझे शरम आती है. पोराले का मांडीचं माप घे म्हणू?"

"अन् मले? मी शिवते ना, ताई. मले काहून नाही म्हणलं?"

दीपमालानं कागदाची घडी पुन्हा घातली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"तू मापाचं ब्लाउज मागितलं असतं."

एक ट्रक गेला, त्याची धूळ दोघींच्या ओल्या हातांवर बसली. दीपमालानं ती पुसली नाही.

"याले ब्लाउज नाही चालत, मंदा. टेप अंगालेच लावा लागते. बगलेत, मांडीले, मानेले. घरी गेल्यावर मी आधी आंघोळ करून येते, चांगली साबण लावून. मग तू घेशीन का माझं माप?"