प्रज्ञा 'नको' म्हणाली नव्हती

मधुकर गेल्याचा फोन त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा होता. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. मी म्हणालो, "बरं." बरं... त्या शब्दाची लाज नंतर वाटली, तेव्हा काहीच वाटलं नाही. चपला घातल्या, गॅस बंद आहे का पाहिलं आणि निघालो. त्याला महिना उलटून गेला. अजूनही आत सगळं बधिरच आहे. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगणारा आता मीच उरलो आहे.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात आम्ही दोघं एकाच पाळीत, कंट्रोल रूममध्ये होतो. तिथे काही बिघडलं की हूटर वाजतो आणि पॅनेलवर लाल दिवा लागतो. बटण दाबलं की हूटर गप्प होतो, दिवा मात्र बिघाड निघेपर्यंत तसाच राहतो. मधुकर नव्या मुलांना सांगायचा, "आवाज बंद झाला म्हणजे काम झालं नाही, बाबू. दिवा पाह्य." निवृत्तीनंतर एकदा सकाळी फिरताना त्याच्या छातीत दुखलं, तेव्हा मात्र आम्ही दोघांनी नुसतं बटण दाबलं. मी त्याला सोडा पाजला, ढेकर आला, "गॅसच होता गा," म्हणून तो हसला. दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग मेला होता.

जीव वाचला, पण उरलेलं हृदय दमत गेलं. पायांवर सूज, चार पायऱ्यांत धाप, झोपताना पाठीशी उशांचा ढीग. अंगात पाणी साठतंय का ते वजनावरून कळतं, म्हणून प्रज्ञानं वजनकाटा आणून दिला. ती उमरेडला शाळेत शिकवते. रोज सकाळी चहाच्या आधी तिचा फोन यायचा, "बाबा, किती?" हा काट्यावर उभा राहून पाळीचं रीडिंग द्यावं तसा आकडा सांगायचा.

जनुकीय उपचाराची बातमीही तिनेच आणली. दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयात चाचणी होणार होती. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूवर जनुक चढवायचं आणि ते थकलेल्या हृदयापर्यंत पोचवायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "गुण येईलच असं नाही. अजून आम्हीच शिकतोय." तरीही मधुकर तयार होता. प्रज्ञा तर त्याच्याही आधी तयार होती. आम्ही तिघं गेलो. रक्त तपासलं. त्या जातीचा विषाणू कधीतरी त्याच्या अंगात येऊन गेला होता, त्याला न कळता. रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयारच होती. औषध हृदयापर्यंत पोचण्याआधीच ती त्याला गाठणार होती. त्याला चाचणीत घेता येणार नव्हतं.

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "वसंता, माह्या रक्तातला वॉचमन लय इमानदार निंगाला गा. औषधालेच गेटवर अडवलं त्यानं." आम्ही हसलो. जरा वेळानं म्हणाला, "सुमनले काय सांगू? ती वाट पाहून राहिली."

तेव्हा मी बोललो. "सांग, पोरगी सध्या नको म्हणते. तुह्या अंगाले औषधच चालत नाही म्हटलं तर वहिनीची आशाच तुटते. पोरगी आज नाही म्हणते, उद्या हो म्हणंन."

प्रज्ञा खिडकीशी बसली होती. "चालेल काका," ती म्हणाली, "आईचं मी पाहून घेईन."

कल्पना माझी होती. त्याची नाही, तिची तर नाहीच. पुन्हा बटण दाबलं होतं, या वेळी मी एकट्यानं.

सुमनवहिनींनी आधी लेकीची समजूत घातली, मग रागावल्या. "काहून वं, बापाच्या जिवापक्षा तुहा हट्ट मोठा?" मी समोर बसून चहा पीत होतो. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हळूहळू तिचं माहेरी येणं कमी झालं. सकाळचा फोन तेवढा चुकला नाही.

मधुकर गेल्यानंतरच्या जलदानाच्या विधीला मंडपात कोणीतरी म्हणालं, "इलाज होता, पोरीनंच अडवलं." वहिनींनी मान हलवली. प्रज्ञा पंगतीत वाढत होती. गाडीत दिलेला शब्द तिनं बापामागंही पाळला. मी मात्र कोणाला शब्द दिला नव्हता, तरी गप्प राहिलो.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "भाऊजी, तुमाले माहीत होतं?" "हो." "अन् माह्या घरी चहा पीत होते?" मी खाली पाहिलं. वजनकाटा दारामागे होता तिथेच होता. वहिनी म्हणाल्या, "लोकाईले पण सांगा. तिले लोकाईसमोर बोलली मी." त्यांनी चहाचं विचारलं नाही.

प्रज्ञाचा फोन अजूनही त्याच वेळी येतो आणि वाजून वाजून थांबतो, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरावरून चाललो होतो. आत जायची हिंमत नव्हती. दार उघडं होतं. फोन वाजला... आणि मधेच थांबला. वहिनींनी तो उचलला होता. मग काटा फरशीवर सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचा,

"थांब वं, दिसत नाही मले. चष्मा आणते."