काकींच्या तोंडून ऐकलेला सिनेमा

जूनच्या भर दुपारी नागपुरात बाया सिनेमाच्या ओढीनं जमतात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्या गल्लीतल्या अर्ध्याअधिक बाया बंगाली काकींकडे यायच्या त्या कूलरसाठी. काकींकडे टीव्ही होता, फोन होता आणि वाळ्याच्या ताट्या लावलेला भला मोठा कूलर होता, आणि या तिन्हींवर सगळी गल्ली हक्क सांगायची. काका रेल्वेत होते. काकी नावालाच बंगाली; जन्म नागपुरातल्याच अजनीतला, आणि नागपुरी अशी ठसक्यात बोलायच्या की आम्हीच गप्प बसावं.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर बंगाली सिनेमा लागणार होता. जुना, काळा-पांढरा, एका आईचा आणि तिच्या वाढत्या मुलाचा. मुलगा हुशार निघतो, शिकायला शहरात जातो, आई गावात एकटी राहते. काकींनी तो लहानपणी पाहिलेला. सकाळीच मला दारात गाठून त्यांनी बजावलं, आज आईला आणू नको.

कारण मला बरोबर कळलं. मला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहासकट, आणि मंगळवारी मुदत संपत होती. आई हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. घरात आम्ही दोघीच. बाबा मी सातवीत असताना गेले. आई लोकांचे ब्लाऊज शिवायची, आणि मी पुण्याचा विषय काढला की मशीन अशी दणादण चालवायची की माझं मलाच ऐकू येऊ नये. अशा बाईला नेमका हाच सिनेमा दाखवायचा म्हणजे माझ्या पुण्यावर पाणीच.

पण आईला अडवणार कोण? तुरपाईचा ब्लाऊज घेऊन ती सगळ्यांच्या आधी जाऊन कूलरसमोर बसली.

पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचणारी तिथं मी एकटीच. बाकीच्यांना काकी बंगाली ऐकून आपल्या बोलीत सांगायच्या. पहिला तासभर मजेत गेला. मुलगा सुट्टीत घरी येतो आणि नुसता झोपा काढतो, तेव्हा प्रत्येकीला आपापला पोरगा आठवला आणि कुणाचा जास्त आळशी यावरून वाद पेटला. पुढे ती आई आजारी पडली आणि मी चोरून माझ्या आईकडे बघितलं. शेजारीण तिला विचारत होती, मुलाला कळवू का. ती नको म्हणाली, त्याची परीक्षा आहे. मी ते खाली वाचलं, आणि इकडे काकी सांगत होत्या की शेजारीण पेरू घ्या म्हणून आग्रह करते आहे.

मी काकींकडे बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

शेवटी मुलगा धावतपळत गावी येतो. आईला हाका मारतो, घरात कुणी नाही. काकींनी खुशाल सांगून टाकलं की त्याची आई भावाकडे हवापालटाला गेली. पण बिचाऱ्या काकी! हे सांगताना त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते आणि पाणी हनुवटीवरून टपटपत होतं. आईनं दातानं दोरा तोडला.

"भावाकडे गेली ती, मंग तुम्ही काहून रडून राहिल्या?"

सगळ्या फिसकन हसल्या. काकीही हसल्या, पदरानं डोळे पुसत, आणि हसता हसता आणखी रडल्या.

घरी आल्यावर आईनं मला समोर बसवलं आणि खाली काय लिहिलं होतं ते सगळं वदवून घेतलं. मी खरं ते सांगितलं. आता पुणं संपलं, असं मनाशी धरूनच सांगितलं. आई खवळली, पण माझ्यावर नाही, सिनेमातल्या बाईवर. कळवायला काय धाड भरली होती तिला, म्हणे.

"पोरगं गेलं म्हणून नाही मेली वं ती. गप्प राहिली म्हणून मेली. तू जा पुण्याले. मी काही गप्प बसणारी नाही. मले शिंक आली तरी तुले सांगीन."

आणि सांगितलंच तिनं! दर रविवारी मी काकींकडे फोन लावायचे. आई गुडघ्यापासून सुरू करायची, पित्तावर यायची, मग रांजणवाडी, मग टाच. फोनच्या बूथवर माझ्यामागे रांगेतली माणसं चुळबुळ करायची आणि मी हसू दाबत उभी राहायचे. माझ्या खोलीतल्या मुलीही तिच्या गुडघ्याची चौकशी करायच्या.

दुसऱ्या वर्षी, परीक्षा तोंडावर असताना, एका रविवारी आई फोनवर म्हणाली की मी मजेत आहो, तू अभ्यास कर. आणि फोन ठेवला. गुडघा नाही, पित्त नाही, काहीच नाही. मी वसतिगृहात सांगितलं आणि मिळेल ती गाडी धरली.

आई सरकारी दवाखान्यात होती, काविळीनं हळदीसारखी पिवळी. उशाशी काकी बसलेल्या. मला पाहताच आईनं त्यांच्याकडे असं रोखून पाहिलं की त्या गळ्याची शपथ घेऊन सांगायला लागल्या, मी नाही सांगितलं, मी नाही.

"कोणी सांगितलं तुले?" आईनं मला विचारलं.

"तूच. मजेत आहो म्हणाली ना."

मग हळूच सरकून आईनं खाटेवर मला जागा करून दिली, आणि कुठे कुठे दुखतं ते अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.