उपाशी पोराची आई

मॅडमनी माझ्या गालांना राख चोळली. मागे सरून बघितलं आणि म्हणाल्या, "हां, आता दिसतेस उपाशी."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. काय करणार?

आठवीत होते मी. घर मोलगी गावाच्या वर डोंगरात, शाळा खाली शहाद्याकडे. वसतिगृहात राहायचे. त्या वर्षी शाळेत सगळ्या देशांनी मिळून ठरवलेली जगाची सतरा ध्येयं आली. गरिबी नको, पाणी स्वच्छ हवं, असली. आमच्या वर्गाच्या वाट्याला आलं, जगात कुणी उपाशी राहू नये. त्यावर नाटुकलं बसवायचं ठरलं. डॉक्टर, कलेक्टर ही कामं खालच्या गावांतल्या मुलींना. मला उपाशी पोराची आई. माझं वाक्य कुठलं, म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, तुझं मराठी कच्चं आहे, तू नुसतं बसायचं. मग फाटकं लुगडं कुठून आणायचं असं निघालं. मागून एक मुलगी माझ्याकडे बघत अहिराणीत बोलली, "तिन्हा घर व्हई ना." म्हणजे माझ्या घरी असेलच.

कार्यक्रमाला पालकांना बोलावलं होतं. माझी आई जीपने आली. नवं लुगडं नेसून, अंगावर होतं नव्हतं ते चांदीचं घालून. मागे भिंतीशी बसली. तिला डोंगरातली आमची बोलीच यायची, मराठी येत नव्हतं.

पडदा सरकला. माझ्या मांडीवर चिंध्यांचं पोर. डॉक्टर झालेली मुलगी आली, त्याचा हात उचलून सोडला आणि म्हणाली, उशीर झाला.

आईला शब्द कळले नाहीत. बाकी सगळं कळलं. माझा धाकटा भाऊ असाच गेला होता. अंगावर मांस म्हणून नव्हतं. दवाखान्यात न्यायला निघालो आणि रस्त्यावर जीपची वाट बघताना आईच्या मांडीवरच गेला. मी शेजारी उभी होते. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

आईने पदर तोंडात कोंबला. लोक टाळ्या वाजवत होते.

मी चिंध्यांचं पोर हळूच खाली ठेवलं. उठले.

"मी हे करणार नाही."

पडद्यामागे गेले तशी मॅडमनी माझा दंड धरला. "अगं, तुम्हा लोकांसाठीच चाललंय ना हे सगळं?"

मी हात सोडवून आईपाशी गेले. तिने नव्या लुगड्याच्या पदराने माझे गाल पुसले. राख निघता निघेना. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. आता बोलायला ती उरलेली नाही.

मी शिक्षिका झाले. डोंगरातच शिकवते. ती सतरा ध्येयंही शिकवते, मुलांच्या भाषेत. ती ध्येयं खोटी नाहीत. मुलं विचारतात, मग आपल्या पाड्यावर नळ का नाही? मी तो प्रश्न फळ्यावर लिहिते आणि पुसत नाही.

परवा मुख्याध्यापक म्हणाले, पाहुणे येणार आहेत, उपासमारीच्या देखाव्याला एखादी हडकुळी पोरगी बघून ठेवा. मी नाही म्हटलं. वर कळवावं लागेल, म्हणाले.

"कळवा, सर. माझ्या वर्गातली एकही मुलगी मिळणार नाही."